९०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि पुढचं उजवं चाक तापतं – आधी काय तपासू?

खेडशिवापूरकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१७ची, सात आसनी डिझेल एसयूव्ही, मॅन्युअल, ८०,००० किलोमीटरच्या पुढे गेलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्याच भांडणात संपेल.

त्रास असा. पुण्याहून कोल्हापूरकडे निघालं की साताऱ्यापर्यंत काही जाणवत नाही. पुढे मोकळा रस्ता मिळाला की ९० ते १००च्या दरम्यान स्टिअरिंगला बारीक कंप सुरू होतो. ब्रेक लावला की तो वाढतो आणि पेडल पायाखाली धडधडतं. कराडला चहाला उतरलो की पुढच्या उजव्या चाकाजवळ करपट वास, रिमला हात लावता येत नाही. डावं चाक नुसतं कोमट. ॲव्हरेजही पडलंय.

मागे हेच झालं तेव्हा सर्व्हिस सेंटरने पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) आणि पॅड (त्या आवळून चाक थांबवणारे ठोकळे) बदलले. काही महिने बरं गेलं. आता परत तेच रडगाणं आणि परत तोच सल्ला: डिस्क-पॅड टाका, २२,००० रुपये. मला वाटतंय डिस्क मार खातेय, मारणारा दुसराच कुणीतरी आहे. कुठून सुरुवात करू?

कोपरखैरणे_लोकल
गाडी विकून टाका. फक्त गिऱ्हाइकाला या धाग्याची लिंक देऊ नका.

नटबोल्ट
कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, जाम आहे, दुसरं काही नाही. तो ज्यांवर सरकतो त्या गाईड पिना बाहेर काढा, रॉकेलने धुवा, ग्रीस भरा, लावा. गल्लीतला मिस्त्री अर्ध्या तासात करून देईल. २२,००० कसले मागतात!

मिलीमीटर
खेडशिवापूरकर, तुम्ही एक तक्रार लिहिली आहे पण त्यात तीन आहेत. ब्रेक न लावता चाक तापतं, ही पहिली. ब्रेक न लावता कंप येतो, ही दुसरी. ब्रेक लावल्यावर कंप येतो, ही तिसरी. तिन्हींचं मूळ एकच असेल असं नाही. सर्व्हिस सेंटरने तिसरीवर औषध दिलं, म्हणून पहिली तशीच राहिली आणि तिने तिसरीला पुन्हा जन्म दिला, असं मला दिसतंय.

मी ब्रेकच्या सुट्या भागांच्या तपासणीत काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. डिस्क तापली की पापडासारखी वाकते, हा गॅरेजमधला लाडका समज. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. डिस्क हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर, जराशी तिरकी बसली की प्रत्येक फेरीत तिचा तोच भाग पॅडला चाटून जातो, तुमचा पाय ब्रेकवर नसतानाही. काही हजार किलोमीटरमध्ये तो भाग झिजतो. किंवा पॅड फार तापले तर त्यांचा थर डिस्कवर कुठे जास्त, कुठे कमी चिकटतो. जाडीत ०.०१५ ते ०.०२ मिलीमीटरचा फरक पडला तरी पेडलला जाणवायला लागतं. आणि लावलेल्या डिस्कची थरथर, म्हणजे डायल गेज लावून चाक फिरवल्यावर काटा किती हलतो ते, बऱ्याच गाड्यांना ०.०५ मिलीमीटरच्या आसपासच चालते.

म्हणून नवी डिस्क टाकताना हबचा चेहरा घासून स्वच्छ केला होता का, हा पहिला प्रश्न विचारा. तिथे गंजाची एक खपली राहिली तरी कोरी करकरीत डिस्क तिरकी बसते. दुसरा प्रश्न, चाकाचे नट कशाने आवळले? पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने टर्रर्र करून एक नट जीव जाईस्तोवर आणि शेजारचा अर्धवट, असं झालं तरी तेच होतं. गाडीच्या पुस्तकात नटांचा टॉर्क दिलेला असतो, अशा गाड्यांना साधारण १००-१२० न्यूटन मीटर. टॉर्क पान्ह्याने, समोरासमोरचे नट आळीपाळीने.

तिखटजाळ
ताई, आमच्या मिस्त्रीला ०.०२ मिलीमीटर म्हटलं तर तो म्हणेल, "थांबा, पट्टी आणतो."

निवृत्त_फोरमन
मिलीमीटर यांनी बरोबर फोड केली आहे. मी पहिल्या तक्रारीबद्दल लिहितो, कारण चाक तापायचं थांबत नाही तोवर बाकीचं सगळं वाया जाणार.

ब्रेक पकडून ठेवण्याची कारणं दोन गटांत बसतात. एक, कॅलिपरमध्येच काहीतरी अडकलं: पिस्टन गंजला, त्याचा रबरी बूट फाटून आत पाणी गेलं, पिना सुकल्या, पॅड खाचेत घट्ट बसले. दोन, कॅलिपर चांगला आहे, पण तेलाचा दाब परत जात नाही. हे ओळखायला काहीही बदलावं लागत नाही.

गाडी वीसेक किलोमीटर चालवा, शेवटी शक्य तितका कमी ब्रेक लावून सपाट जागी थांबा. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं उजवं चाक जॅकवर घ्या, खाली घोडी ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. चाक हाताने फिरवा. फिरत नसेल तर कॅलिपरचं निपल, म्हणजे तेल-हवा काढायचा स्क्रू, रिंग पान्ह्याने अर्धा फेरा सैल करा. तेल फस्सकन उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब वर कुठेतरी अडकलाय. तेल निघूनही चाक तसंच घट्ट असेल, तर पिस्टन किंवा पिना.

दाब अडकलेला निघाला तर डावं चाकही बघा. दोन्ही घट्ट असतील तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेलाला दाब देणारा), बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) किंवा पेडलची मोकळी चाल. पेडलला ती चालच ठेवली नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक झाकलेलंच राहतं आणि तेल तापून फुगलं की ब्रेक आपोआप लागत जातो. एकच चाक घट्ट असेल तर त्या चाकाचा रबरी होज पाइप. तो बाहेरून नव्यासारखा दिसतो, पण आतून सुजतो. तुमच्या पायाचा जोर तेलाला आत ढकलतो, परत यायला मात्र नुसत्या पिस्टनच्या सीलची ओढ असते, ती पुरत नाही.

तेल तापलेलं असतं, चष्मा घाला. रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलतो. नंतर एअर काढून घ्या आणि ब्रेक ऑइलची वरची बाटली रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा एबीएसच्या युनिटमध्ये जाते आणि मग स्कॅनरवाला शोधत फिरावं लागतं.

दुपारची_झोप
डिस्क वाकत नाही हे मला पटत नाही. माझ्या जुन्या गाडीची डिस्क कुंभार्ली घाट उतरल्यावर निळी पडली होती आणि लगेच धडधड सुरू झाली. लेथवर लावली तर कारागिराने डोळ्यांनी दाखवलं, डुलत होती.

मिलीमीटर
निळी पडली म्हणजे प्रचंड तापली होती, यात वाद नाही. आणि तापलेल्या डिस्कवर पाणी पडलं तर ती खरंच वेडीवाकडी होऊ शकते, तडाही जातो. मी "बहुतेक वेळा" लिहिलं होतं. पण लेथवर डुलते म्हणजे वाकली आहे, असं लगेच म्हणू नका. लेथच्या चकमध्ये तिरकी धरली तरी ती तशीच डुलते. गाडीवर आहे त्या जागी मोजणं हाच खरा निवाडा.

दुपारची_झोप
घाट संपल्यावर बाटलीभर पाणी मीच ओतलं होतं चाकावर. ट्रकवाले ओततात की.

तिखटजाळ
झालं. खून कुणी केला ते कळलं.

टोरांटोत_थंडी
नटबोल्टभाऊ, "ग्रीस भरा" म्हणालात, कुठलं ग्रीस ते लिहिलं असतं तर बरं झालं असतं. चासिसचं पिवळं खनिज ग्रीस पिनांना लावलं की पिनेवरचं रबर फुगतं आणि पिन आणखी जाम होते. तिथे सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचंच सिंथेटिक ग्रीस लागतं, तेही पातळ लेप. भोक गच्च भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन आत जात नाही. आणि रॉकेलही रबराच्या जवळ नको, ब्रेक क्लीनर स्वस्त मिळतो.

इकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे पिना गंजणं हा इथला राष्ट्रीय आजार. दर वर्षी टायर बदलायच्या वेळी पिना काढून पुसून लावायच्या, हे ठरलेलं काम. कोकणातल्या समुद्राकाठच्या गाड्यांनाही हा नियम लावायला हरकत नाही.

नटबोल्ट
मान्य, ग्रीसचं नाव लिहायला हवं होतं. पण रोग तोच आहे, पैज लावतो. मिसळ.

निवृत्त_फोरमन
पैज घेतली. होज पाइप.

डिझेल_वाचवा
एवढा कुटाणा कशाला? उतारावर न्यूट्रल टाका, गाडी हलकी चालते, ब्रेकही कमी लागतो, डिझेलही वाचतं. मी कायम असाच उतरतो.

खेडशिवापूरकर
न्यूट्रलमध्ये ब्रेक कमी लागतो?? नवा कात्रज बोगदा ते नवले पूल हा उतार माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. तिथे काय काय होतं ते मला सांगू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे गाड्यांची रांगच्या रांग ठोकली. उतारावर इंजिन बंद करून ट्रक सोडला होता, असं तेव्हा पोलीस सांगत होते.

घाटगणित
डिझेल_वाचवा यांच्यासाठी थोडा हिशोब. आजकालच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंधन बंदच होतं, चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतः जिवंत राहायला डिझेल पितं. म्हणजे वाचत काहीच नाही.

आता ब्रेकचं. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटर, खोपोली ६०-७०. उतार धरू ५५० मीटर. माणसं आणि सामान धरून गाडी २,३०० किलो. बोरघाट उतरताना १ कोटी २४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी १०० वरून शून्यावर आणायला लागतात सुमारे ९ लाख. म्हणजे पूर्ण घाट हा १०० वरून चौदा वेळा करकचून थांबण्याइतका. पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला यातला तिसरा हिस्सा येतो असं धरलं आणि डिस्क १० किलोची असली, तर अशा प्रत्येक थांब्याला तिचं तापमान ६०-६५ अंशांनी चढतं. हवा, टायर आणि गिअरमधलं इंजिन यातला मोठा वाटा उचलतात. न्यूट्रल टाकलं की इंजिनाचा वाटा तुम्ही डिस्कच्या डोक्यावर ठेवता.

मूळ धाग्याबद्दल: १०० च्या वेगाला चाक सेकंदाला बारा फेऱ्या मारतं. अडकलेल्या कॅलिपरचा विरोध नुसता २० न्यूटन मीटर धरला तरी त्या एका चाकात दीड किलोवॅट उष्णता सतत तयार होते. हायवेला पाय ब्रेकवर न ठेवता वास येतो तो यामुळे. ॲव्हरेजही त्यातच गेलं.

डिझेल_वाचवा
माझी गाडी जुन्या जमान्यातली आहे. तरी गिअरमध्ये उतरून बघतो.

सातपाटी_सुरमई
एक राहिलं. काही एसयूव्हींना उतार नियंत्रणाचं बटण असतं. लोक समजतात ते दाबलं की इंजिन ब्रेकिंग होतं. ते एबीएसमार्फत ब्रेकच लावतं. चिखलाच्या उतारावर पाचशे मीटर ठीक, आख्खा घाट नाही.

खेडशिवापूरकर
सगळ्यांची उत्तरं वाचली, आभार. आणखी थोडी माहिती:
हँडब्रेक मागच्या ड्रमला आहे, मागची चाकं थंड असतात. गाडी माझ्याशिवाय कुणी चालवत नाही. ब्रेक ऑइल कधी बदललं ते बिलांत सापडत नाही, बाटलीत चहाच्या रंगाचं दिसतंय. आणि हो, ब्रेक न लावता कंप येतो तो ९० ते १०५ मध्येच, ११० ला जवळजवळ जातो.

आत्याबाईंची_सफर
"माझ्याशिवाय कुणी चालवत नाही" हे वाचून विचारते, पाय कुठे ठेवता? आमच्याकडे काकांना पेडलवर बूट टेकवून ठेवायची सवय होती. मागची गाडी बिचारी ब्रेकलाइट बघून बघून वैतागायची. पॅड दर वर्षी. काकांना सांगायची हिंमत कुणाची नव्हती, शेवटी टोलनाक्यावर एका ट्रक ड्रायव्हरने सांगितलं, तेही साताऱ्याच्या भाषेत.

खेडशिवापूरकर
नाही हो आत्याबाई. आणि ते असतं तर दोन्ही चाकं तापली असती ना?

आत्याबाईंची_सफर
हेही खरंच.

वाशिष्ठीकाठ
ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं असेल तर आधी तेच बदला. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांला उकळतं, पाणी मुरल्यावर १४०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. तुमचं चाक जेवढं तापतंय त्यात जुनं तेल कॅलिपरमध्ये उकळलं तर पेडल थेट जमिनीला जाईल. कंपाची चिंता त्यानंतरची.

आमच्या चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात गाडी दारातच बुडाली होती. इंजिन, सीट, वायरिंग सगळं झालं. ब्रेककडे कुणी बघितलंच नाही, कारण ते चालत होते. पुढच्या पावसाळ्याआधी मागच्या एका कॅलिपरचा पिस्टन जागच्या जागी चिकटला. उघडल्यावर बुटाच्या घडीत वाळलेला गाळ, बोटाने चोळला तर पीठ झालं. तेव्हा गाडी जुनी घेतली असेल तर तिचा पूर्वेतिहास बघा.

कराडची_कन्या
विषयांतर, पण कराडला चहाला कुठे थांबता? हायवेवरच्या त्या झगमगीत फूडमॉलला थांबत असाल तर चाक तापलं ते योग्यच झालं. गावात या.

कोपरखैरणे_लोकल
गावात गेलं की ९० चा वेगच येत नाही. कंपही गायब. हाच उपाय.

समृद्धीवाला
मला तुमचा ९० ते १०५ हा पट्टा महत्त्वाचा वाटतो. एका ठरावीक वेगाला येतो आणि पुढे जातो तो कंप शंभरातल्या नव्वद वेळा चाकाच्या बॅलन्सिंगचा किंवा टायर-रिमचा. समृद्धीवर गाडी १२० ला लावली की हे सगळे रोग उघडे पडतात, रस्ता सरळ आणि काँक्रीटचा, लपायला जागा नाही. माझ्याकडे कंप ११० ला यायचा. एका टायरला आतल्या बाजूने बारीक फुगा होता, उभ्या गाडीत दिसायचाच नाही. टायर हळूहळू हाताने फिरवून आतल्या बाजूला तळहात टेकवला तेव्हा लागला.

सोपी चाचणी: पुढची दोन्ही चाकं मागे टाका, मागची पुढे. कंप स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेला तर दोष चाकातच. जागचा हलला नाही तर हब, बेअरिंग, टायरॉड, लोअर आर्मचे बुश अशा चाकाला धरणाऱ्या भागांकडे बघा.

तांबडी_माती
बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला वाकून बघा. आमच्याकडे पावसात एकदा आडरस्त्याने गेलं की तांबड्या चिखलाचा लगदा रिमच्या आत बसतो. रात्रीत सुकून दगड होतो आणि सकाळी हायवेला स्टिअरिंग नाचायला लागतं. वॉशिंगवाले बाहेरूनच चकाचक करतात. आतून स्क्रूड्रायव्हरने खरवडला की गाडी गप्प.

क्रॉस_बेअरिंग
सगळे पुढच्या चाकातच अडकलेत. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) असू शकतो. घाटगणित यांनीच सांगितलं, चाक सेकंदाला बारा फेऱ्या. डिफरन्शिअलचं प्रमाण (शाफ्टचे फेरे विरुद्ध चाकाचे) चारला एकच्या आसपास असेल तर शाफ्ट फिरतो सेकंदाला पन्नासच्या जवळ. म्हणजे चाकाचा कंप मोजता येईल इतका संथ, स्टिअरिंगला डुगडुग. शाफ्टचा कंप बारीक, गुणगुणल्यासारखा, पायाखालच्या पत्र्यात आणि गिअरच्या दांड्यात. कंप आहे त्याच वेगाला एक गिअर खाली टाकून बघा. इंजिनचे फेरे वाढूनही कंप तसाच राहिला तर दोष इंजिन, क्लचचा नाही.

बेअरिंगसाठी चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा, खडखड लागली की समजायचं. पण बेअरिंग आधी गुरगुरतं, आणि वळणावर आवाज बदलतो.

खेडशिवापूरकर
आवाज नाही. डुगडुग आहे, म्हणजे चाकच. रविवारी बसतो याला. शेजारच्यांकडून लाल ठिपक्याचा तापमान मोजायचा बंदूकवाला थर्मामीटर मिळालाय.

मिलीमीटर
तो चकचकीत डिस्कवर मारू नका, चकचकीत धातूवर तो कमी दाखवतो. डिस्कच्या गंजलेल्या कडेवर किंवा कॅलिपरच्या अंगावर मारा, आणि डावीकडे-उजवीकडे अगदी त्याच जागी. नुसत्या आकड्याला अर्थ नाही, दोन बाजूंच्या फरकाला आहे.

खेडशिवापूरकर
अहवाल.

शिरवळपर्यंत जाऊन आलो, ब्रेक जवळजवळ न लावता. डाव्या डिस्कची कड ६४ अंश, उजवी २१०. जॅकवर घेतलं तर उजवं चाक दोन्ही हातांनी जोर लावूनही जेमतेम हललं. फोरमन साहेबांनी सांगितलं तसं निपल सैल केलं. तेलाची पिचकारी माझ्या शर्टावर आणि चाक टकटक करत मोकळं. डावं आधीपासूनच मोकळं होतं. म्हणजे होज.

ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याचं म्हणणं "होज चांगला आहे हो, एक भेग नाही." तरी बदलायला लावला. जुना मी मागून घेतला आणि जिथे लोखंडी पट्टीची क्लिप त्याला मडगार्डच्या आत धरून ठेवते तिथे कापला. क्लिपच्या आत गंज फुगलाय आणि त्याने रबर चारही बाजूंनी आवळलंय. वरच्या तुकड्यात काडेपेटीची काडी सहज जाते, क्लिपच्या जागी टाचणी अडकते. बाहेरून खरंच काही दिसत नव्हतं. डाव्याच्या क्लिपलाही गंज सुरू झालाय, म्हणून दोन्ही होज बदलले. ब्रेक ऑइल पूर्ण नवं, डॉट ४. पिना काढल्या, नरम होत्या. सगळं मिळून ३,००० च्या आत.

आता दोन्ही चाकं १०-१५ अंशांच्या फरकात. वास नाही.

नटबोल्ट
मिसळ कुठे पाठवू फोरमन साहेब? पिना नरम निघाल्याचं दुःख वेगळंच आहे.

निवृत्त_फोरमन
पाठवू नका, निवते. क्लिपखाली गंजून होज आवळला जाणं हे जुन्या गाड्यांत नेहमीचं, पण तिथे कुणी बघत नाही. सर्व्हिस सेंटरला दोष देण्यात अर्थ नाही म्हणणार होतो, पण डिस्क बदलताना एका बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलेला समोर आला असणार. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. जुने पॅड नेहमी मागून घेऊन शेजारी-शेजारी ठेवून बघा.

दुपारची_झोप
ब्रेक लावतानाची धडधड गेली का?

खेडशिवापूरकर
कमी झाली, गेली नाही. मिलीमीटर यांच्या सांगण्यावरून मायक्रोमीटर मागून आणला. उजव्या डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली, सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ यात ०.०३ चा फरक. डावी ०.०१ च्या आत. नवी टाकू की लेथवर लावू?

मिलीमीटर
डिस्कच्या कडेला किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. घासून त्याच्या वर भरपूर राहत असेल तर लेथवर लावायला हरकत नाही, पण दोन्ही बाजूंच्या डिस्क सारख्याच घासा. लावण्याआधी हब तारेच्या ब्रशने चकचकीत. मग पॅड डिस्कवर नीट बसायला मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं चालवत, असं काही वेळा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून सिग्नलला उभं राहू नका, पॅडचा ठसा तिथेच उमटतो. घाट उतरून खाली ट्रॅफिकमध्ये अडकलात तर सपाटीला हँडब्रेक लावा आणि पाय उचला.

दुपारची_झोप
आणि पाणी ओतू नका. 🙏

खेडशिवापूरकर
डिस्क घासून लावल्या. हबवर खरंच खपली होती, नखाएवढी. ब्रेकची धडधड संपली.

९० ते १०५ चा कंप मात्र जसाच्या तसा! मग समृद्धीवाला यांची अदलाबदल केली. कंप स्टिअरिंगमधून उठला आणि बायकोच्या सीटखाली गेला, तिने माझ्याआधी सांगितलं. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवलं, वजन लावून शून्य आलं तरी रिमची आतली कड डुलताना दिसत होती. बाहेरून एक ओरखडा नाही, आतल्या ओठाला तीन बोटं रुंदीची चेप. खड्ड्याची देणगी. शून्य बॅलन्स दाखवूनही कंप का, ते तिथे कळलं: वजन जुळलं तरी चाक गोल नाही.

त्यामुळे ताई म्हणाल्या ते खरं निघालं, तीन तक्रारी आणि तीन वेगळे मालक. आता अलॉय रिम ठोकून सरळ करून देणारे आहेत, १,५०० म्हणतायत. नवा एक रिम ९,००० च्या वर. काय करावं?

क्रॉस_बेअरिंग
नुसती चेप असेल आणि तडा नसेल तर सरळ होते. मी केलाय, मागच्या चाकाला वापरतोय.

टोरांटोत_थंडी
अलॉय तापवून ठोकला की त्या जागी कमजोर होतो. सात माणसं घेऊन १०० ला जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकात मी तरी बसवणार नाही.

तांबडी_माती
सेकंडहँड रिम बघा, पण मशीनवर फिरवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑफसेट (रिम हबपासून किती आत-बाहेर बसतो ते) आणि मधलं भोक तुमच्याच गाडीचं हवं.

समृद्धीवाला
किंवा स्टेपनी पुढे घ्या! स्टेपनीचा रिम तर कोरा असेल. टायरची तारीख बघा फक्त, बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

खेडशिवापूरकर
बघितली. २२१७. न वापरताच म्हातारा झालेला. रिम तोच घेतो, टायर नवा चढवतो आणि चेपलेला रिम स्टेपनीला. सरळ करून की तसाच, ते टायरवाल्याशी बोलून ठरवतो.

कोपरखैरणे_लोकल
म्हणजे विकत नाही तर.